डिचोलीच्या तांबड्या वाटेने

गोवा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे समुद्र नि देवळे येतात. पण एकदा दोडामार्गावरून डिचोलीच्या वाटेने जा, आणि खिडकीशी जागा धरा. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले डोंगर, मातीचे तांबडे ढीग आणि हिरवट पाण्याने भरलेले प्रचंड खड्डे दिसतील. या लोखंडाच्या खाणी.

इथे बोगदे खणीत नाहीत. खनिज वरच्या थरात असते, म्हणून डोंगरच वरून उघडायचा. टनभर खनिजासाठी दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. मग ट्रकने नदीचा धक्का, तेथून बार्ज, मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदर, आणि पुढे जपान-चीन. नदी अशी दाराशी असल्यानेच गोव्याचे हलके खनिजही परवडले.

आता आपल्या कामाचे. खाण पाण्याच्या पातळीखाली उतरली की खड्ड्यात झरे फुटतात आणि पंप रात्रंदिवस चालवावे लागतात. भोवतालच्या विहिरी त्याच झऱ्यांवर जगतात! लईराईच्या जत्रेमुळे तुम्हाला ठाऊक असलेल्या शिरगावात विहिरी आटल्या, ग्रामस्थांना न्यायालयात जावे लागले. पावसाळ्यात ढिगाची माती ओहोळातून भातखाचरात येते. हा गाळ नदीच्या गाळासारखा कसदार नव्हे. त्यात भात नीट धरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गोव्यातील खाणी थांबवल्या आणि २०१८ साली ८८ पट्टे रद्द केले. पण खाणीचा पैसाही खोटा नव्हता. शेती गेली म्हणून ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले, त्यांचे ट्रकही दारात उभे राहिले. २०२४ पासून लिलावाने दिलेल्या खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्या आहेत.

हे गोव्याचेच दुखणे आहे असे समजू नका. बांदा-दोडामार्ग रस्त्यावर कळणे लागते. तिथल्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि चिखलपाणी वस्तीत, बागायतीत शिरले.

तुमच्या शिवारात खाण येऊ घातली, तर जनसुनावणीला जाच. किती खोल खणणार, माती कुठे टाकणार, उपसलेले पाणी कुठे सोडणार, हे लेखी विचारा. आणि त्याआधी एक करा: चैत्र-वैशाखात दोरी सोडून विहिरीची पातळी मोजा, तारखेसह वहीत लिहा, शेजाऱ्याची सही घ्या. पुढे पाणी खाली गेले, तर ही वही दाखवता येईल.