ब्यूटी मोड शून्यावर आणा

फोटो काढणं ही तांत्रिक गोष्ट आहे, तिच्यात जात आणि वर्ण कुठून आणता, असं आम्हाला अनेकदा विचारलं जातं. विचारणारे आपलेच तरुण कार्यकर्ते असतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सोलापुरात भीमजयंतीपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत कार्यक्रमांची रीघ असते. बुधवार पेठेतल्या मिलिंदनगरपासून जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांपर्यंत आम्ही जातो, मोबाईलवर फोटो काढतो. ऊन चाळीस अंशांच्या घरात आणि समोर पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या आयाबाया. ऑटोवर फोटो काढला की साड्या लख्ख येतात, चेहरे काळवंडतात. मग कुणीतरी ब्यूटी मोड वाढवतो. रंग उजळतो, सुरकुत्या जातात, फोटो स्टेटसला लागतो.

प्रश्न असा आहे की चेहरे काळवंडले कशामुळे? त्या माउल्यांच्या रंगामुळे नव्हे. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या उजेडाचं आहे, असं गृहीत धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. पांढरं कापड जास्त आलं की त्याला उजेड फार वाटतो आणि तो सगळाच फोटो गडद करतो. आजचे फोन चेहरा ओळखतात, तरी कडक उन्हात, गर्दीत ही गफलत होतेच. दोष मोजमापाचा, शिक्षा चेहऱ्याला!

हे आजचं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेची कोडॅक कंपनी फोटोचे रंग जुळवण्यासाठी लॅबना नमुन्याचं कार्ड द्यायची. त्यावर गोरी बाई असायची. नाव पडलं 'शर्ली कार्ड'. तिची कातडी नीट आली की रंग बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे मात्र नीट येत नसत. पुढे फिल्म सुधारली, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारी होत्या. त्यांना जाहिरातीत तपकिरी छटा नीट हव्या होत्या. सावळ्या-काळ्या त्वचेसाठी गूगलने फोनमध्ये 'रिअल टोन' आणलं ते २०२१ साली. मोजपट्टी ज्याच्या हातात, 'नॉर्मल' तोच ठरवतो. हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

यावर एक युक्तिवाद येतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनीच स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने टाका, असं सांगितलं होतं. मग आपण चांगलं दिसलो तर बिघडलं काय? बिघडलं काहीच नाही. पण बाबासाहेबांनी टाकायला सांगितल्या त्या व्यवस्थेने लादलेल्या खुणा. कातडीचा रंग ही लादलेली खूण नाही. लादलेली आहे ती त्या रंगाची लाज. ब्यूटी मोड ती लाज काढत नाही, पक्की करतो.

म्हणून आमच्या गटात आम्ही काही गोष्टी ठरवून पाळतो. ब्यूटी, स्मूद, फेस रिटच जे काही नाव असेल ते शून्यावर. पुढच्या कॅमेऱ्याचं सेटिंग वेगळं तपासायचं, कारण बऱ्याच फोनमध्ये ते आधीपासून चालू असतं. फिल्टर 'ओरिजिनल'. फोटो काढताना चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि शेजारी सूर्याचं चिन्ह आलं की ते थोडं वर सरकवायचं. साडी किंचित भुरकट झाली तरी चालेल. मागे मोकळं आभाळ असेल तर एचडीआर चालू. दुपारच्या उन्हात माणसांना सावलीत घ्यायचं. आणि फोटो त्यांना दाखवूनच पुढे पाठवायचा.

चेहऱ्यावर उजेड वाढवणं आणि चेहरा गोरा करणं यात फरक आहे. पहिल्यात माणूस दिसतो, दुसऱ्यात तो पुसला जातो. शेतात, विडीच्या सुपापुढे राबलेल्या ज्या बायांनी आपल्याला शाळेत पाठवलं, त्यांच्या सुरकुत्या हा आपल्या चळवळीचा दस्तऐवज आहे. दस्तऐवजात खाडाखोड करण्याचा अधिकार फोनच्या कंपनीला आपण का द्यायचा?

आजच सेटिंग उघडा.

जय भीम!