जिभेच्या आधी

उशिरा बोलणारं मूल घेऊन आलेली आई हमखास जिभेबद्दल बोलते. "मॅडम, जीभ जड आहे का बघा ना." मी श्रवणतपासणी झालीये का ते विचारते आणि मग भलतंच काही. केस कापताना काय करतो? वरणभात खातो, भाकरी तोंडात टिकते का? कुकरची शिट्टी झाली की कुठे पळतो? स्पर्श, चव, आवाज मूल कसं झेलतं, ते मला यातून कळतं.

येवल्यात कितीतरी घरांत राहत्या खोलीतच पैठणीचा माग असतो. फणीचा ठोका घरच्यांना ऐकूसुद्धा येत नाही, इतका सवयीचा. काही मुलांना मात्र तो बाजूला सारता येत नाही. आईची हाक आणि फणीचा ठोका सारख्याच जोरानं आत येतात. अशा मुलाला हट्टी म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

काहींचं याच्या अगदी उलट. एक मुलगा मागाच्या खांबाला गाल लावून बसायचा. ठोक्याचा हादरा त्याला अंगात हवा असायचा. त्याला तिथून उठवायचं नाही असं आम्ही ठरवलं. वडील धागा भरायचे, फणीला हात लावायचे आणि थांबायचे. त्याच्याकडे बघत. सुरुवातीला तो नुसता वडिलांचा हात ढकलायचा. पुढे कधीतरी "ठ" आला, मग "ठक". वडिलांनी लगेच ठोका दिला. मागायला आवाज वापरता येतो, हे त्याला तिथे कळलं.

संवेदनांचा हा विचार जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनं मांडला. त्यांचं पुस्तक १९७२चं. त्यांच्या उपचारपद्धतीवर अजून वाद आहेत, आणि नुसत्या झोक्यानं किंवा अंगावर ब्रश फिरवून मूल बोलायला लागतं असं कुणी सांगितलं तर मी पालकांना पैसे जपायला सांगते. बोलण्याचं काम बोलण्यातूनच करावं लागतं. फक्त मूल त्यासाठी जागेवर, शांत आणि आपल्याकडे लक्ष देणारं हवं.

संक्रांत जवळ आली की आया धास्तावतात. भोगी, संक्रांत, कर, तिन्ही दिवस येवल्याच्या गच्च्यांवर पतंग, हलकडीचं वादन आणि डीजे. मी म्हणते, मुलाला कोंडून ठेवू नका. सकाळी लवकर, गाणी लागायच्या आत वर न्या. मांजाची आसारी हातात द्या. पतंगाची ओढ दंडापर्यंत जाणवते, ती बऱ्याच मुलांना आवडते. मांजा सैल सोडताना "ढील" म्हणायची संधी त्याला द्या, लगेच स्वतः म्हणून टाकू नका. आणि त्यानं कानांवर हात नेले की खाली आणा, रडेपर्यंत थांबू नका.