वाट पाहणारं माणूस

लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळते, असं विचारलं की लेखक पाऊस, नदी, बालपण, दुःख यांची नावं घेतात. ती खोटी नसतात. पण पाऊस सगळ्यांवरच पडतो, दुःखही कुणाला चुकलेलं नाही. तरी कागदावर फार थोडं उतरतं. जे उतरलं ते का उतरलं, हे शोधायला गेलं की मला बहुतेक वेळा एक माणूस सापडतो. तो स्वतः काही लिहीत नसतो. तो वाट पाहत असतो.

गीतरामायणाचंच घ्या. पुणे आकाशवाणीवर तेव्हा सीताकांत लाड होते. वर्षभर दर आठवड्याला चालेल असं काहीतरी त्यांना हवं होतं. ते त्यांनी आपल्या मित्राकडे, ग. दि. माडगूळकरांकडे मागितलं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या शुक्रवारी, पहिलं गाणं वाजलं. त्या गाण्याची गोष्ट पुण्यात अजून सांगतात. लिहून दिलेला कागद सुधीर फडक्यांकडून हरवला. ध्वनिमुद्रणाची वेळ येऊन ठेपलेली. गदिमा रागावले, पुन्हा लिहिणार नाही म्हणाले. लाडांनी त्यांना एका खोलीत बसवलं, समोर कागद ठेवला आणि दाराला बाहेरून कडी लावली. थोड्या वेळानं गाणं तयार होतं.

ही गोष्ट सांगणारा नेहमी गदिमांच्या प्रतिभेपाशी थांबतो. माझं लक्ष मात्र दाराबाहेर उभ्या असलेल्या लाडांकडे जातं. आत गाणं आहे, याची त्यांना खात्री होती. आतल्या रागावलेल्या माणसाला त्या घडीला ती नसेलही. दुसऱ्याच्या कामावर त्याच्याहून जास्त भरवसा ठेवून उभं राहणं ही साधी गोष्ट नाही.

पुढं शुक्रवार येतच राहिले. गदिमांची चित्रपटांची कामं सुरूच होती. आधी गाणं लिहून व्हायचं, मग फडके चाल बांधायचे, गायकाला शिकवायचे, वादकांबरोबर तालीम, ध्वनिमुद्रण, आणि तोवर पुढचा आठवडा उजाडलेला. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, किती गळे त्यात आले! घरोघरी लोक रेडिओला हार घालून बसायचे, वह्यांत गाणी उतरवून घ्यायचे. त्यात त्या वर्षी अधिक भाद्रपद आला. वर्ष तेरा महिन्यांचं झालं, आणि गाणी ५६ झाली. मला हे फार मोलाचं वाटतं. पंचांगानं एक महिना जास्त मागितला आणि तेवढी जास्तीची गाणी आली. ती कुठं तरी तयार पडून नव्हती. मागितली म्हणून ती झाली.

आपल्याकडे १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत किती कथा-कविता निव्वळ संपादकाच्या तगाद्यामुळं लिहिल्या गेल्या असतील! मी हे आतून जाणतो. आषाढात फोन येतो, “मजकूर कधी देताय? पानं लावायला घ्यायचीत.” वर्षानुवर्षं डोक्यात नुसतं घोळत असलेलं काहीतरी त्या एका वाक्यानं हलतं. विषय तोच असतो, मीही तोच असतो. फक्त पलीकडे कुणीतरी माझ्यासाठी चार पानं मोकळी ठेवलेली असतात.

मग बहिणाबाईंची वाट कोण पाहत होतं, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. छापणं, अंक, रसिक यांतलं काहीच त्यांच्यापुढं नव्हतं. त्या गेल्या १९५१च्या डिसेंबरात, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं १९५२ साली. पण जात्यावर बसलेल्या बाईची वाट घर पाहत असतंच. मन लागो न लागो, पीठ पडायलाच हवं. हात फिरू लागला की गळा आपोआप त्याच्या मागं जातो. शिवाय सोपानदेवांसारखा कवी मुलगा त्यांचे बोल टिपून घेत होता. म्हणजे कान होता, तोही जवळचा.

टाळ्यांचा यात संबंध नाही. त्या काम झाल्यावर येतात, आणि पुष्कळदा येतही नाहीत. वाट पाहणारा काम होण्याआधी येतो, तेव्हा कौतुक करावं असं हातात काहीच नसतं.

आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका राहतात. मुक्कामी गाड्यांच्या त्यांच्या आठवणी ऐकाव्यात! शेवटच्या गावी रात्री गाडी लावायची, पैशांची पिशवी उशाशी घेऊन गाडीतच आडवं व्हायचं आणि पहाटे दूधवाल्यांच्या किटल्यांच्या आवाजानं जागं व्हायचं. “लिहा ना हे,” असं सगळे म्हणत. ते हसत, “कोण वाचणार?” मग मी एकदा म्हटलं, “रविवारी सकाळी मी येतो, जेवढं झालं असेल तेवढं वाचून दाखवा.” पहिल्या रविवारी अर्धं पान होतं, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलेलं. आता काकू सांगतात, शनिवारी रात्री ते टीव्ही लावूच देत नाहीत.

गेल्या रविवारी ते अडले होते. पुराच्या रात्री गाडी पुलाअलीकडे थांबवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव लिहावं की नाही, कळेना. तो आता नाही, घरच्यांना काय वाटेल, असा त्यांना प्रश्न पडला होता. “नाव घालून एकदा लिहा, न घालता एकदा लिहा,” मी म्हटलं, “रविवारी दोन्ही वाचू.” त्यांनी मान हलवली आणि कॅलेंडरचं पान फाडायला घेतलं. जून अजून संपायचा होता.