सोनापूरला जाऊन आलो

"मुलगा दुबईत कुठे राहतो?" असे कुणी विचारले की आमची ताई गप्प बसायची. मुलाने फोनवर सांगितलेले नाव तिच्या तोंडून निघत नसे. सोनापूर! मुंबईच्या जुन्या माणसाला सोनापूर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मरीन लाइन्सच्या सोनापुरात माणसाला शेवटचे पोहोचवायचे असते. "बाबा, पोरगं कमवायला गेलंय का मरायला?" असे ती आम्हाला विचारायची. शेवटी आम्ही उभयतांनी ठरवले की एकदा जाऊन डोळ्यांनी पाहून यायचे. पतपेढीतून थोडे पैसे काढले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पाच दिवसांसाठी दुबईला गेलो.

आमचे जाण्याचे आणखी एक कारण होते. ते सांगताना मान खाली जाते, पण सांगितलेच पाहिजे. आम्ही बी.कॉम. झालेलो, कारकुनी करतो. वस्तीतल्या पोरांचे अर्ज भरून देतो, सरकारी पत्रे वाचून दाखवतो. भाचा सेंट्रिंगचे काम करतो. दहावीत गणिताने घात केला, तो पुन्हा परीक्षेला बसला नाही. २०२२ च्या अखेरीस त्याला एक एजंट भेटला. दुबईत काम, राहायला खोली, महिन्याला तीस हजार. रक्कम सांगितली ९५ हजार. ताईने कानातले गहाण टाकले, उरलेले आम्ही जमवले. पावती मागितली तर म्हणाला, "घरच्या माणसात पावती कसली?" व्हिसाचा कागद आला तो ताईने आमच्याच हातात दिला. वर ठळक अक्षरात लिहिले होते 'एंट्री परमिट'. आम्ही म्हणालो, "परमिट आलंय, जाऊ दे पोराला."

त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात 'टुरिस्ट' असे लिहिले होते, आणि मुदत ६० दिवसांची होती. आम्ही वाचले, पण लक्षात घेतले नाही. दुबईच्या पर्यटन व्हिसालाही एंट्री परमिटच म्हणतात, हे आम्हाला ठाऊक नव्हते. एजंट म्हणाला होता की तिथे गेल्यावर व्हिसा बदलून मिळतो. भाचा जानेवारी २०२३ मध्ये गेला. एका ठेकेदाराने पाच आठवडे राबवून घेतले, हातावर जेवणापुरते पैसे ठेवले आणि पुढे फोन उचलणे बंद केले. ज्याच्याकडे कामाचा परवाना नाही तो तक्रार कोणत्या तोंडाने करणार? मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहम दंड. आम्ही इकडून तिकीट काढून त्याला परत आणला. ताई आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर आम्ही या विषयाचा अभ्यास केला. तो इथे मांडतो, कारण आपल्या वस्त्यांतून अजूनही पोरे अशीच जात आहेत.

दहावी पास नसलेल्या माणसाचा पासपोर्ट 'ईसीआर' म्हणून ओळखला जातो. असा माणूस आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाणार असेल तर १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. पोरांना ही मंजुरी म्हणजे कटकट वाटते. एजंट त्याचाच फायदा घेतो. पर्यटन व्हिसाला ही मंजुरी लागत नाही, म्हणून तो पोराला पाहुणा बनवून पाठवतो. अधिकाऱ्याच्या टेबलावर करारपत्र जातच नाही, पगार कुणी पाहत नाही, मालक कोण हे कुणी विचारत नाही. ज्या दाराशी आपली चौकशी होते ते दारच एजंट चुकवतो, आणि आपल्याला वाटते की त्याने आपले काम सोपे केले.

दुसऱ्या खेपेला, २०२३ च्या अखेरीस, आम्ही नोंदणी असलेला एजंट शोधला. त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव टाकून पाहिला. नियमाप्रमाणे एजंटला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. म्हणजे झाले ३५ हजार ४००. पावतीसह तेवढेच दिले. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेऊ नये असेच म्हटले आहे. तिथल्या कामगार मंत्रालयाचे ठरावीक नमुन्याचे ऑफर लेटर असते. ते अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला कळेल अशा तिसऱ्या भाषेत मिळते. त्या भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. आम्ही हिंदी मागून घेतले आणि ताईच्या घरी सर्वांना बसवून ओळ न् ओळ वाचले. धंदा : शटरिंग कारपेंटर. मूळ पगार : १,४०० दिरहम. राहणे : कंपनीकडे. मग मंजुरी, आणि ईसीआरवाल्याला सक्तीचा असलेला प्रवासी भारतीय विमा. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. जाण्याआधी एक दिवसाचे मोफत सरकारी प्रशिक्षणही त्याने घेतले. २०२४ च्या सुरुवातीला भाचा पुन्हा गेला, तो या वेळी कामगार म्हणून.

आता आमच्या प्रवासाकडे वळू. आमचा पर्यटन व्हिसा हातात आला तेव्हा वर तेच दोन शब्द होते, 'एंट्री परमिट'. सौ. म्हणाल्या, "या वेळी शेवटपर्यंत वाचा." आम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

मुक्काम देरा भागात एका साध्या हॉटेलात केला. दुबई म्हणजे उंच इमारती असे आपण चित्रात पाहतो, पण देरा हे जुने गाव आहे. खाडीच्या एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई, आणि मधून ये-जा करणाऱ्या लाकडी होड्या. तिथे त्यांना अब्रा म्हणतात. भाडे फक्त एक दिरहम. त्या वेळी एका दिरहमला साधारण २३ रुपये पडत होते. होडीत आमच्या शेजारी बंगाली, पठाण, मलबारी, नेपाळी, सगळे कष्टाचे हात मांडीवर ठेवून बसलेले. भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसल्यासारखे वाटले. बर दुबईच्या बाजूला आपल्या देशाची वकिलात आहे. अडचणीतल्या कामगाराने जायचे ठिकाण ते, म्हणून आम्ही आधी तो रस्ता पायाने चालून पाहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाच्याची सुटी होती. आम्ही मेट्रोच्या हिरव्या मार्गाने अल कुसैसकडे गेलो आणि पुढे बसने सोनापूरला. सरकारी नकाशावर त्या भागाचे नाव मुहैसना दोन असे आहे. सोनापूर हे नाव हिंदी-उर्दू बोलणाऱ्या कामगारांनी दिलेले, सोन्याचे गाव या अर्थाने. सोने कुठे दिसले नाही. मातकट रंगाच्या एकसारख्या इमारती, प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेले निळे-नारिंगी डांगरी कपडे, दारांबाहेर सेफ्टी बुटांच्या रांगा, आणि कडेला उभ्या कंपन्यांच्या बसगाड्या. किराणा, न्हावी, लाँड्री आणि पैसे पाठवायची दुकाने. पाट्या मल्याळम, बंगाली, उर्दू, हिंदीत. आम्हाला कॅम्पच्या आत जाऊ दिले नाही. तसा तिथला नियम. भाचा फाटकाबाहेर आला आणि मामीच्या पाया पडला. सौ. डोळे पुसू लागल्या.

एका मलबारी माणसाच्या टपरीवजा हॉटेलात 'करक' चहा घेतला. भाच्याने पाकिटातून कार्ड काढून दाखवले. हेच ते एमिरेट्स आयडी. पूर्वी रहिवासाचा शिक्का पासपोर्टवर बसायचा. २०२२ पासून तो बंद झाला आणि हे कार्डच रहिवासाचा पुरावा ठरले. उतरल्यावर कंपनीनेच त्याचे रक्त तपासून आणले, छातीचा एक्स-रे काढला, बोटांचे ठसे दिले. क्षय आणि एचआयव्ही यांची तपासणी होते. ती पास झाल्याशिवाय रहिवास मिळत नाही. म्हणून आम्ही सांगतो, दागिने गहाण टाकण्याआधी इकडे सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या.

कार्ड उलटे केले. मागे त्याचा धंदा आणि मालक कंपनीचे नाव छापलेले होते. रहिवास दोन वर्षांचा. नोकरी आहे तोवर रहिवास आहे. नोकरी सुटली की ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी धरायची नाहीतर देश सोडायचा. ताईच्या मनात होते की पोरगा तिकडेच बस्तान बसवेल, लग्न करून बायकोला नेईल. आम्ही हळूच विषय काढला. भाचा हसून म्हणाला, "मामा, बायकोला आणायचं तर पगार चार हजार दिरहम पाहिजे, नाहीतर तीन हजार आणि वर कंपनीची राहायची जागा. माझे चौदाशे आहेत. आईला सांगा, मी इथं घर करायला नाही, तिथलं घर बांधायला आलोय."

त्याच सोनापुरात कामगारांची वैद्यकीय तपासणी करणारे मोठे सरकारी केंद्र आहे. आणि त्याच भागात, परदेशी माणूस दुबईत वारला तर मायदेशी पाठवण्याआधी त्याच्या देहावर औषधोपचार करतात ते केंद्रही आहे. २०१८ मध्ये श्रीदेवींचे पार्थिव तिथूनच निघाले होते. अश्रफ थामरसेरी नावाचे केरळचे एक गृहस्थ अशा बेवारस पडणाऱ्या मृतदेहांची कागदपत्रे विनामूल्य करून ते घरी पोहोचवतात. त्यांना २०१५ मध्ये प्रवासी भारतीय सन्मान मिळाला. हे भाच्याने सांगितले तेव्हा आम्हाला ताईचा प्रश्न आठवला. तिची भीती अगदीच वेडी नव्हती. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास तिथे बंदी आहे. पण ऊन तीननंतरही असते, असे भाचा म्हणाला.

आम्ही विचारले, "पासपोर्ट कुठे आहे?" तो म्हणाला, कंपनीने 'सांभाळायला' घेतलाय. कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेऊ नये असा तिथला कायदा आहे, हे आम्ही त्याला सांगितले. आमच्यासमोरच त्याने सुपरवायझरला फोन लावला. आवाज कापत होता, पण मागितला. दोन आठवड्यांनी पासपोर्ट मिळाल्याचा निरोप आला. मागितला नसता तर मिळाला नसता. पगार मात्र दरमहा बँकेतून येतो. २००९ पासून तिथे तशी सरकारी पद्धत लागू आहे, म्हणून पगार थकला तर मंत्रालयाला कळते. पहिल्या खेपेला भाचा या कोणत्याच वहीत नव्हता. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने विनापरवाना कामगार ठेवणाऱ्या मालकाचा दंड वाढवून एक लाख ते दहा लाख दिरहम केला. ठीक आहे, पण त्या दंडाने आपल्या पोराचे बुडालेले पाच आठवडे भरून येत नाहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, परदेशी जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. चौदाशे दिरहम म्हणजे ३२ हजार रुपये, आणि इकडे सेंट्रिंगला रोज काम मिळेलच असे नाही. जा, पण कामगार म्हणून जा. कागदावर धंदा, पगार आणि मालकाचे नाव आहे का ते पाहा. व्हिसावर 'टुरिस्ट' किंवा 'व्हिजिट' असेल तर तो नोकरीचा नव्हे, एजंट काही म्हणो. पावतीशिवाय पैसे देऊ नका. प्रत्येक कागदाची एक प्रत आईच्या पेटीत ठेवा. आणि कळत नसेल तर दोन माणसांकडून वाचून घ्या; शिकलेला माणूससुद्धा चुकतो, त्याचे उदाहरण आम्हीच आहोत.

पहिल्या एजंटचे ९५ हजार परत आलेले नाहीत. तक्रार दिली आहे, तारखा चालू आहेत. ताईचे कानातले मात्र भाच्याने सातव्या महिन्यात सोडवले.

आल्यावर ताईकडे गेलो. भाच्याने दिलेली खजुराची पेटी तिच्या हातात दिली. तिने ती उघडली नाही, आधी विचारले, "सोनापूर कसं आहे रे?" आम्ही म्हणालो, "वस्ती आहे ताई, आपल्यासारखी. सकाळी उठतात, डबा भरतात आणि कामाला जातात." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "अगं, माझा मुलगा सोनापूरला असतो. त्यानं खजूर पाठवलंय, ये."