तपासणाऱ्याची सही

आमच्या घरात ‘गार्डन रीच’ हे कुठल्या वस्तीचं नाव नव्हतंच. ते वर बसलेल्या कुणाचं तरी नाव होतं. वडील नागपूरला मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यात फिटर. नागपूर विभाग तेव्हा दक्षिण पूर्व रेल्वेत मोडायचा आणि तिचं मुख्यालय कलकत्त्याला, हुगळीच्या काठी, जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या लाल इमारतीत. कुणाची बढती असो की बदली, वडील जेवता जेवता सांगायचे, “गार्डन रीचहून आलंय.” तेवढ्यावर विषय मिटायचा.

वडील सज्जन माणूस. ‘मी केलं’ असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मीपणा सोडावा, हे आमच्या घरी आमटीच्या फोडणीइतकं रोजचं होतं. काम झकास झालं तर “आपण कोण करणारे?” आणि बिघडलं तरी “आपण कोण करणारे?” या नम्रतेला मागच्या बाजूने एक दार असतं, हे कळायला मला स्वतःलाच गार्डन रीचला जावं लागलं.

१९८१ साली आयटीआयची ड्राफ्ट्समनची परीक्षा पास होऊन मी गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला उतरलो. रेल्वेमंत्री मधू दंडवत्यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली ही वर्ग नसलेली गाडी. वडिलांना तिचं फार कौतुक. नोकरी रेल्वेत नव्हे, नदीकाठच्या एका खासगी कारखान्यात होती. तिथे बार्जेस आणि लाँचेस दुरुस्त व्हायच्या, क्वचित नव्याही बांधल्या जायच्या. कारखान्याचं नाव सांगत नाही. शेजारच्या मोठ्या गोदीबद्दल सांगतो, कारण आमच्याकडे सगळ्यांच्या बोलण्यात तीच असायची. सरकारने १९६० मध्ये ती ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी तिथून ‘अजय’ ही स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका नौदलाकडे गेली. आमचे फोरमनसाहेब ती गोष्ट अशी सांगत, की ‘अजय’च्या तळाला शेवटचा हात त्यांनीच फिरवला असावा असं वाटे. ते त्या गोदीत एक दिवसही कामाला नव्हते.

फोरमनसाहेब मटियाबुर्जचे, ओस्तागरांच्या म्हणजे शिंप्यांच्या घरातले. सगळं घर शिलाईत आणि हा एकटा लोखंडात. लखनौचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये इथे आला आणि १८८७ मध्ये इथेच वारला. त्याच्या अंगरख्यांना आपल्या पणजोबांचा टाका होता, असं साहेब सांगत. खरंखोटं नवाबालाच ठाऊक.

माणूस दिमाखदार. कडक इस्त्रीचा सफारी, खिशाला दोन पेनं. कामगार त्यांना उस्ताद म्हणत ते चालायचं, पण ऑफिसात कुणी ‘मिस्त्री’ म्हटलं की मान न वळवता पुढे जायचे. जलावतरणाचा फोटो निघाला की मधोमध उभे. स्तुती आवडायची आणि ती आवडते हे लपवायचे नाहीत. मी मनात म्हणायचो, काय हा अहंकार! नागपुरी संस्कार.

त्यांची सत्ता लॉफ्टवर होती. लॉफ्ट म्हणजे लांबरुंद लाकडी जमिनीची खोली. जहाजाच्या कण्याबरगड्यांच्या रेषा तिथे जमिनीवर पूर्ण मापात आखायच्या, त्यावरून फळ्यांचे साचे करायचे आणि साच्यांवरून पोलादी पत्रे कापायचे. नकाशे आम्ही काढायचो. उजव्या कोपऱ्यात खाली चौकट असायची आणि तीत तीन खाने: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. पहिल्यात आमची इवलीशी आद्याक्षरं. दुसऱ्यात साहेबांची सही, खान्याबाहेर पाय पसरलेली.

१९८३च्या पावसाळ्यात एका बार्जचे आठ पत्रे बदलायचे होते, पोर्टचे म्हणजे डावीकडचे चार, स्टारबोर्डचे म्हणजे उजवीकडचे चार. नकाशा एकाच बाजूचा काढतात आणि ‘दुसऱ्या बाजूला उलट हाताचे’ असं शेजारी लिहितात. मी ते लिहायला विसरलो. आठही पत्रे पोर्टचे कापले गेले, वाकवूनही झाले. पत्रा सरळ असता तर पालथा घालून चालला असता. पण बाक दिलेला आणि कडा तिरकी कापलेली, त्याला डावं-उजवं असतं.

साहेबांनी आठही पत्र्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “नागपूर, तुमने तो आठों आस्तीनें बाएँ हाथ की सी दीं.”

दुपारी मॅनेजरकडे बोलावणं आलं. नोकरी गेली असं धरून मी मागे उभा. मॅनेजरने विचारलं, नकाशा कुणी काढला? साहेब म्हणाले, “चेक हमने किया है. दस्तख़त हमारा है.” मॅनेजरने पुन्हा विचारलं. साहेबांनी चौकटीतल्या आपल्या त्या ऐसपैस सहीवर बोट ठेवलं. आवाजात गयावया नव्हती आणि मला वाचवल्याचा थोरपणाही नव्हता. फोटोत मधोमध उभं राहण्याचीच ती ऐट होती. लगेच पुढचं बोलले: याच मापाची दुसरी बार्ज महिन्याभरात येणार आहे, जादा झालेले चार पत्रे तिला लागतील, आज फक्त चार नवे कापू. नुकसान पत्र्यांचं झालं नाही, दिवसांचं झालं.

बाहेर आल्यावर मी पाया पडायला वाकलो तर झिडकारलं. रात्री थांबवून नकाशा पुन्हा काढायला लावला, दोन्ही बाजूंचा, वेगवेगळा. चहासुद्धा विचारला नाही.

नंतर एकदा धीर करून विचारलं, दोष अंगावर का घेतला? ते नवाबाची गोष्ट सांगू लागले. राज्य सोडून देण्याचा तह समोर आला तेव्हा वाजिद अलीने पगडी काढून रेसिडेंट औट्रमच्या हाती दिली, पण सही केली नाही. “बादशाह ने दस्तख़त नहीं किया, इसलिए बादशाह रहा. हम दस्तख़त करते हैं, इसलिए फोरमन हैं.” एवढं बोलून पानाची पिचकारी टाकून गेले.

त्यांच्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी सहा महिने उमेदवारी केली होती. तिथले प्रमुख बोलायला अतिशय विनम्र, ‘आपण सगळे एकच’ म्हणणारे. चांगल्या नकाशावरची आमची आद्याक्षरं ब्लेडने खरवडायचे आणि फसलेल्यावर जाड करून घ्यायचे. साहेबांचं उलट. पुढे साच्यांना रंगांच्या खुणा करायची युक्ती मी काढली, पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा, जहाजाच्या दिव्यांसारख्या. मॅनेजर त्यांना शाबासकी देऊ लागला तर त्यांनी भर लॉफ्टमध्ये ओरडून सांगितलं, “यह नागपूर का है!” आणि लगेच, “नागपूर को हमने बनाया, वो अलग बात है.”

मराठीत आपण ‘इगो’ हा शब्द बहुधा ‘दुखावला’ या क्रियापदापुरताच ठेवला आहे. फ्रॉइडने जर्मनमध्ये लिहिलं तेव्हा शब्द साधाच होता, ‘मी’. त्याला लॅटिन वेश इंग्रजी भाषांतरकारांनी चढवला. साहेबांचा मी भरल्या पोटाचा होता. तो आमच्या ताटातलं उचलत नसे. त्या विनम्र प्रमुखांचा मी मात्र कायम उपाशी. माझ्या वडिलांचा? त्यांनी तो गार्डन रीचला पाठवून दिला होता. त्यांना दोष देत नाही. तीन मुलं आणि फिटरचा पगार असताना ‘सही माझी’ म्हणणं परवडतंच असं नाही. पण घरात जे शिकलो नाही ते मी खिदिरपूरचा पूल ओलांडून शिकलो. तो पूल जहाजासाठी उघडला की आमची हजेरी हुकायची, आणि तेवढा एकच दोष साहेब खुशाल नदीवर ढकलत.

१९८६ मध्ये माझं लग्न ठरलं. साहेबांनी मला मटियाबुर्जला धाकट्या भावाच्या दुकानात नेलं, कोट बेतायला लावला आणि स्वतः टेप धरून मापं घेतली. कोट मिळाला तेव्हा म्हणाले, “दोनों आस्तीनें देख लो.” कापडाचे पैसे मी दिले. शिलाई विचारली तर भाऊ साहेबांकडे बघायला लागला आणि साहेब बाहेर बघायला लागले.

१९८९ ला मी नागपूरला परतलो. हिंगण्याच्या एमआयडीसीत आता माझा लहानसा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे, नकाशे संगणकावर निघतात, खाने तेच तीन आहेत. दुसऱ्या खान्यात मी सही करतो, जरा मोठीच. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली. भावाचं दुकान शोधत मी दोनदा गेलो. त्या गल्लीत आता जीन्स शिवतात. कोट कपाटात आहे, अंगाला येत नाही. शिलाई द्यायची राहिली आहे.