अडखळणारा प्राध्यापक

माझी भाची मुंबईला स्पीच थेरपी शिकवते. तिचं काम नेमकं काय हे आमच्या नातेवाइकांत कोणालाच धड सांगता येत नाही. "मुक्या मुलांची डॉक्टर" म्हणून सगळे मोकळे होतात, मीही त्यातलीच. गेल्या दिवाळीत ती चार दिवस राहायला आली होती. ती चकल्या पाडत होती, मी तळत होते. सहज विचारलं, "तुमच्या शास्त्राचा मूळ पुरुष कोण गं?"

"एक नाहीये मावशी," ती म्हणाली, "पण एकाची गोष्ट सांगते."

वेंडेल जॉन्सन. जन्म १९०६, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला. लहानपणापासून अडखळत बोलायचा. आयोवा विद्यापीठात तोतरेपणावर अभ्यास चालतो हे कळल्यावर तो तिथे शिकायला गेला, आणि आपलं बोलणं सुधारेल ही आशा होतीच. तिथले प्राध्यापक ली ट्रॅव्हिस यांचं मत असं, की मेंदूच्या दोन भागांपैकी एकाचं वर्चस्व नीट बसलं नाही की माणूस अडखळतो. म्हणून जॉन्सनला डाव्या हाताने कामं करायचा सराव करायला लावला. उपयोग शून्य! पण गडी तिथेच रमला. स्वतःच्या अडखळण्यावरच त्याने प्रबंध लिहिला, तो १९३० साली पुस्तकरूपात आला. पुढे १९६५ साली जाईपर्यंत तो आयोवातच प्राध्यापक होता.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. लहान मूल बोलायला शिकताना अडखळतंच, पण कोणीतरी मोठं माणूस "हा तोतरा आहे" असं ठरवतं, मूल घाबरतं, जपून बोलायला जातं आणि खरंच तोतरं होतं.

मी झारा तसाच धरून उभी राहिले. चकल्यांचा एक घाणा जास्तच लाल झाला.

हे पडताळायला १९३९ साली जॉन्सनच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर नावाच्या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातली २२ मुलं घेतली. त्यातल्या नीट बोलणाऱ्या सहा मुलांना सांगितलं, तुमच्यात तोतरेपणाची लक्षणं आहेत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. जानेवारी ते मे असं हे चाललं. काही मुलं बुजली, बोलेनाशी झाली. तो प्रबंध कुठे छापला गेला नाही, विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला. २००१ साली एका वृत्तपत्राने ते प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. २००७ साली आयोवा राज्याने भरपाई दिली तोवर त्यातले काही जण वारलेही होते.

आता माझं सांगते. ऐंशीच्या दशकात माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. 'प' आणि 'क' आला की थांबायचा, मान वर करायचा. मी प्रेमानेच म्हणायची, "सावकाश, आधी श्वास घे." सगळा वर्ग त्याच्याकडे बघायचा. एकदा त्याच्या आईला मी बोलावून घेतलं आणि म्हटलं, "हा तोतरा होतोय, लक्ष द्या." शेवटी प्रकट वाचनाला त्याचा नंबर आला की मी पुढच्याचं नाव घ्यायला लागले. मला वाटायचं केवढी मोठी सूट दिली मी त्याला! प्रार्थनेत मात्र तो सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणायचा, याचं मला नवल वाटे.

भाचीला हे सगळं सांगितलं. विचारलं, "म्हणजे मीच केला का गं त्याला तोतरा?"

"नाही," ती लगेच म्हणाली. जॉन्सनचं ते मत आता मागे पडलंय. तोतरेपणाचा संबंध मेंदूच्या घडणीशी आणि आनुवंशिकतेशी आहे. लहानपणी अडखळणारी बरीचशी मुलं आपोआप नीट बोलायला लागतात, काहींचं राहतं. एका सुरात म्हणताना अडखळणं कमी होतं, हेही त्यांच्या शास्त्राला चांगलं ठाऊक आहे. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण त्याचा नंबर गाळायला नको होता मावशी. तू थांबायला हवं होतंस."

बस, एवढंच. पुन्हा चकल्या पाडायला लागली.

जानेवारीत आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. तो आला होता. पन्नाशी आलीय, केस पांढरे, स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाया पडला. "बाई, माझी मुलगी प... प..." म्हणाला आणि मान वर केली. मी पटकन म्हटलं, "पुण्याला असते?"

तो हसला. जरा थांबला आणि पहिल्यापासून सगळं वाक्य पुन्हा म्हणाला. पोलीस भरतीची तयारी करते ती.