संगणकाचा पंखा

आमच्या घरीं जो संगणक आहे, त्यास आतां सात वर्षें झालीं. खोल्या दोनच, त्यामुळें ज्या खोलींत थोरली बहीण रात्रीं त्यावर अभ्यास करते, तेथेंच आजीचें अंथरूण असतें. गेल्या हिवाळ्यापासून यंत्रांतला पंखा असा घोंघावूं लागला कीं, आजी त्यास ‘पिठाची गिरणी’ म्हणूं लागली. तिला दम्याचा विकार; एकदां मोडलेली झोंप पुन्हां लागत नसे. इकडे बहिणीची परीक्षा जवळ आलेली. तेव्हां एकीची झोंप कीं दुसरीचा अभ्यास, असा पेंच घरांत पडला.

शेजारच्या एका गृहस्थांनीं पंख्याची तारच काढून टाकण्याचा सल्ला दिला. परंतु कोंबडें झांकल्यानें तांबडें फुटायचें राहात नाहीं! सन 1993 मध्यें निघालेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरास सुमारें 15 वॅट वीज लागे. आमच्या प्रोसेसरास 65 लागते, आणि ती सारी उष्णता होऊन बाहेर पडते. जुन्या 60 वॅटच्या दिव्याची कांच हातीं धरवत नसे, हें वडील मंडळींस आठवत असेल. येथें तर तेवढी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेंतून निघते. ती वर बसविलेल्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यांत शिरते व पंखा तिला हवेंत उडवून देतो. पंखा थांबला, तर शंभर अंशांच्या सुमारास प्रोसेसर आपण होऊन मंदावतो, आणि तरीहि ताप वाढला तर यंत्र बंद पडतें. न जपलेलें लिखाण त्याबरोबर जातें तें निराळेंच.

म्हणून आवाजाऐवजीं आम्हीं उष्णतेच्या वाटेकडे पाहिलें. वीज तोडून झांकण उघडलें, तों ठोकळ्याच्या पातळ पत्र्यांमध्यें धुळीची व कापसाची गोधडीच बसलेली! त्याच वर्षीं घरांत गाद्या पिंजून घेतल्या होत्या. पातीं बोटानें धरून ठेवून मऊ ब्रशानें सर्व साफ केलें. ठोकळा काढून पाहतां खालची थर्मल पेस्ट वाळून खपली झालेली. धातूचे दोन पृष्ठभाग कितीहि गुळगुळीत दिसले, तरी त्यांमध्यें सूक्ष्म फटी राहतात, व फटींतील हवा उष्णतेस अडविते. पेस्ट त्या फटी भरून काढते. जुनी पेस्ट स्पिरिटानें पुसून नवी लहान वाटाण्याएवढी लाविली. ती पुष्कळ थापल्यानें गुण येत नाहीं, उलट जाड थर उष्णतेस अडथळाच होतो.

यानंतर पंख्याच्या गतीची व्यवस्था. पंख्याची गति निम्मी केली कीं हवाहि निम्मीच लोटली जाते, पण आवाज सुमारें 15 डेसिबलनें उतरतो. हा सौदा फायद्याचाच. शिवाय आमच्या मतें, कानास एकसारख्या आवाजापेक्षां क्षणांत चढणारा व क्षणांत उतरणारा आवाज अधिक जाचतो. प्रोसेसर क्षणभर तापला कीं आमचा पंखा धांवूं लागे. वास्तविक तेवढी उष्णता धातूचा ठोकळा सहज पोटांत घालतो. म्हणून बायोसमध्यें अशी योजना केली कीं, साठ अंशांपर्यंत गति मंद व स्थिर असावी, पुढें ती हळूहळू वाढावी, पंचाऐंशीला पूर्ण व्हावी. आणि प्रत्येक बदलापूर्वीं पंख्यानें कांहीं सेकंद थांबावें. मोठा पंखा मंद फिरूनहि तेवढीच हवा देतो हें खरें, पण आमच्या पेटींत तेवढी जागा नव्हती, आणि खिशांतहि नव्हती.

पूर्वीं ज्या कामास प्रोसेसर 94 अंशांवर जाई व पंखा मिनिटास 2,600 फेरे घेई, त्याच कामास आतां 71 अंश व 1,300 फेरे पुरतात. आजीला आतां भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकूं येते, व तिच्याविषयीं तक्रार सुरू झाली आहे.

मे महिन्याची गोष्ट मात्र वेगळी. खोलींतल्या हवेनें थंड करावयाचें म्हणजे त्या हवेहून अधिक थंड कांहीं होणार नाहीं. खोली जितकी तापेल, जवळजवळ तितकाच प्रोसेसरहि वर चढतो. त्या दिवसांत दुपारीं पंखा पुन्हां बोलूं लागतो. पण तेव्हां आजी जागीच असते.